आधी जनावर

२८ जानेवारी, रविवार

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "लनेल, राग आला की बोलू नकोस. लिहून काढ." म्हणून ही वही आणली. घरात नवरा डॅरल आणि लेक कॅसिडी दोघंही खूश आहेत. आता म्हणे आई वहीवर ओरडेल.

तर लिहिते. जनावरांच्या मोठ्या प्रदर्शनाला चव्वेचाळीस दिवस उरलेत. कॅसचं शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटचा हंगाम. खोंड डीकन, काळा, पाठ टेबलासारखी सपाट, मागचे पाय खांबासारखे. गेली सोळा वर्षं ह्या जिल्ह्यात असं जनावर उभं राहिलेलं नाही, हे मी म्हणत नाही, शाळेत पशुपालन शिकवणारे क्रेनेक सर म्हणतात.

सन शहाण्णवमध्ये मी स्वतः त्या रिंगणात दुसरी आले होते. पहिली आली शार्लीन. जज माझ्या खोंडाजवळून पुढे गेला, दोन पावलं परत आला, आणि मग शार्लीनच्या खोंडाच्या पाठीवर थाप मारली. ती दोन पावलं मला अजून ऐकू येतात. शार्लीनचा नवरा गेला, केस विरळ झाले, कमरेचा पत्ता नाही, पण तो जांभळा झेंडा अजून तिच्या दिवाणखान्यात लटकतोय. या वर्षी तिचा मुलगा उतरणार आहे. खोंडाचं तोंड अगदी शार्लीनसारखं आहे.

कॅसला जनावरांचा डॉक्टर व्हायचंय. विद्यापीठाने चार वर्षांची पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली आहे, अट एकच: या सहामाहीत कॉलेजची केमिस्ट्री पूर्ण करायची. शाळा शिकता शिकता ती हा विषय गावच्या कॉलेजात घेते. प्रयोग शनिवारी सकाळी. शनिवारीच सरावाची प्रदर्शनं. देवाला आणि कॉलेजला आठवड्यात दुसरा वारच सापडला नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार

साडेचारला उठवलं. महाराणी म्हणाल्या, "दहा मिनिटं, आई. एकपर्यंत अभ्यास करत होते."

"डीकनला सांग. तो म्हणाला दहा मिनिटं, तर मीही झोपते."

उठली. खोंडाला गार पाण्याने न्हाऊ घालायचं, यंत्राने वाळवायचं, केस पुढे विंचरायचे, मग गार खोलीत बांधायचं. हेच पुन्हा संध्याकाळी. थंडीत केस दाट येतात म्हणून त्याच्या खोलीला गारव्याचं यंत्र आहे. मागच्या ऑगस्टमध्ये घरातलं यंत्र बंद पडलं तेव्हा डॅरल म्हणाला होता की दुरुस्त करू. मी म्हटलं, आपल्याला कोण जज बघणार आहे? आम्ही तिघं पंख्याखाली घामाने भिजत होतो आणि डीकन गारव्यात रवंथ करत होता. आमच्या घरात एकच नियम आहे, माझ्या वडलांपासून चालत आलेला: आधी जनावर.

कॅसची कंबर वाढली आहे. रिंगणातली जीन्स चढेना. मी म्हटलं, "एकाचं वजन वाढवायला सांगितलं होतं, दोघांचं नाही." डॅरलने कॉफीचा कप जरा जोरात ठेवला. तिने समोरची कोलाची, तो गोड भरलेला पाव, परत डब्यात ठेवली. बोललं की लागतं, लागलं की सुधारतं. माझी आई मला याहून वाईट बोलायची.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज प्रयोग होता आणि सरावाचं प्रदर्शनही होतं. कॅस म्हणाली, "आई, प्रयोग चुकवला तर शून्य मिळतं."

"आणि प्रदर्शन चुकवलं तर?"

"ते सरावाचं आहे."

"शार्लीनचा मुलगा सराव करणार. तू बाटल्यांमध्ये पाणी ओतत बस."

डॅरल म्हणाला, "जाऊ दे ना तिला लॅबला. मी नेतो डीकनला." डॅरल चारा-खाद्याच्या गिरणीत काम करतो, पोती उचलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण रिंगणात तो खोंडाच्या शेपटीकडून उभा राहील. ट्रेलर मीच जोडला. कॅस गाडीत बसली. पहिला नंबर आला. परत येताना ती केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसली होती आणि गाडी हलते म्हणून उलटी येत होती. मी खिडकी उघडून दिली.

१२ फेब्रुवारी, सोमवार

क्रेनेक सरांचा फोन आला. केमिस्ट्रीत सहासष्ट. शाळेचा नियम सगळ्या टेक्ससला पाठ आहे: सत्तरच्या खाली एक विषय गेला की तीन आठवडे कुठल्याही प्रदर्शनात पाऊल ठेवायचं नाही. शुक्रवारी दुपारी यादी जाते आणि आठवड्याने बंदी सुरू होते. सहासष्ट राहिले तर बारा मार्चला डीकन घरी आणि शार्लीन टाळ्या वाजवायला मोकळी.

"सहासष्ट?" मी कॅसला विचारलं. "इतकी हुशार म्हणवतेस आणि सत्तर गाठता येत नाहीत?"

"त्या शनिवारचं शून्य आहे ते. कॉलेजच्या सरांनी परत करायची परवानगी दिलीये. गुरुवारी प्रयोग करणार, शुक्रवारी मार्क चढवणार. ऐंशीच्या वर जाईन."

"आणि विसरले तर?"

"नाही विसरणार ते, आई."

लोक विसरतात. हंगामात मी कोणाच्या शब्दावर एक दोरसुद्धा सोडलेला नाही. रात्री रक्तदाब १६० होता.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

करून टाकलं.

सकाळी पावणेसहाला कॅस गोठ्यात डीकनला न्हाऊ घालत होती, पाण्याचा आवाज येत होता. तिचा कंप्युटर टेबलावर होता. पासवर्ड मला माहीत आहे, डीकनचं नाव आणि त्याचं जन्मवर्ष. मार्क पाहिले: सहासष्टच. म्हणजे रात्रीतून काही हललेलं नाही. तिथेच एक बटण आहे, विषय सोडण्याचं. विषयच नसेल तर मार्क कुठून येणार, आणि मार्क नसतील तर यादीत नाव कुठून? 'नक्की?' असं दोनदा विचारलं. कारण लिहा म्हणून एक चौकोन आला. तो रिकामा ठेवला तर पुढे जाईना, म्हणून जे मनात आलं ते टाकलं: आधी जनावर.

पाणी बंद झालं. मी कंप्युटर मिटला आणि अंडी फेटायला घेतली.

केमिस्ट्री काय, उन्हाळ्यातही करता येते. बारा मार्च एकदाच येतो. हे तिला आत्ता कळणार नाही. मला बाविसाव्या वर्षी कळलं, तेव्हा माझं प्रदर्शनाचं वय उलटून गेलं होतं.

साडेदहाला क्रेनेक सरांचा फोन आला. म्हणाले, "मिसेस मारेक, आनंदाची बातमी! कॉलेजच्या सरांचा आत्ताच निरोप आला, कॅसिडीचे एक्याऐंशी झालेत. पण गंमत बघा, नाव मात्र दिसत नाही कॉलेजच्या वर्गाच्या यादीत. काहीतरी घोळ असेल. पण काही का असेना, पोरगी पात्र आहे."

मी म्हटलं, "वा."

एक्याऐंशी. पाच तास थांबले असते तरी चाललं असतं. पण पाच तासांपूर्वी ते मला कोण सांगणार होतं? झालं ते झालं. पात्र आहे, मुद्दा तो.

२० फेब्रुवारी, मंगळवार

कॅस कॉलेजातून साडेतीनलाच आली. तोंड पांढरंफटक. वर्गात हजेरीला तिचं नाव नव्हतं. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की विषय तुझ्याच खात्यातून सोडलेला आहे, आणि या तारखेनंतर परत घेता येत नाही.

"मी सोडला नाही, आई. मी कशाला सोडेन? एक्याऐंशी होते मला!"

"कंप्युटर आहे. त्यालाही चुका होतात."

"बाबा, तू सांग ना काहीतरी."

डॅरल म्हणाला, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर ऑफिसात." मग माझ्याकडे बघत राहिला. त्याला माहीत असण्याचं काही कारण नाही. मी म्हटलं, "आधी डीकनचं आवरा. तो अजून ओला उभा आहे."

ती गेली. थोड्या वेळाने मी गोठ्याच्या दाराशी गेले. डोकावून पाहिलं, तर त्याच्या मानेत तोंड खुपसून उभी होती. डीकन तिच्या खिशात बिस्किटं शोधत होता. जनावराला काय, खिसा कळतो.

मला वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण लोकांना वाटतं मला काही वाटत नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं कॅसमुळे झालं.

सकाळीच ती कॉलेजच्या सरांच्या घरी गेली, विनवण्या करायला. सकाळचं न्हाणं माझ्या गळ्यात. डीकन ओल्या फरशीवर अडून बसला. त्याला तिची सवय. मी काठी मारली, मग जरा जोरात मारली. त्याने उडी घेतली आणि मागचा डावा पाय घसरला. सव्वासहाशे किलोचं धूड, फरशी हादरली.

डॉ. बार्टोश आले. सांध्याला सूज आहे. म्हणाले, "मोडलं नाहीये, लचकलंय. दुखतंय मात्र भरपूर. एक इंजेक्शन दिलं तर दोन दिवसांत चालेल. पण मग प्रदर्शन विसरा. तीन आठवडे लघवीत सापडतं ते."

"मग नको," मी म्हटलं. "बर्फ लावू."

कॅस तेवढ्यात आली होती. म्हणाली, "आई, तो पाय टेकत नाहीये."

"टेकेल."

"त्याला दुखतंय!"

"प्रसूतीत मलाही दुखलं होतं, कोणी मरून नाही पडलं. आणि तू घरी असतीस तर हे झालंच नसतं."

डॉक्टरांनी औषधाची बाटली पेटीत परत ठेवली. कॅसला ते ओळखतात, दोन उन्हाळे तिने त्यांच्याकडे काम केलंय. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेले. माझ्या खांद्यावर कोणी ठेवला नाही. सतरा दिवस उरलेत.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

विद्यापीठाचं पत्र आलं. केमिस्ट्री नाही, म्हणून स्कॉलरशिप नाही. जागा दुसऱ्या मुलीला दिली. पुढच्या वर्षीही नाही, ती म्हणे पहिल्या वर्षासाठीच असते.

मला वाटलं होतं रडेल, आदळआपट करेल. त्याची तयारी ठेवली होती मी, काय बोलायचं तेही ठरवलं होतं. तिने पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवली, आणि डीकनला बर्फ लावायला गेली. आत डॅरल टेबलाशी बसून राहिला. म्हणाला, "लनेल, तुला काही सांगायचंय का?"

"खाद्य संपत आलंय," मी म्हटलं.

डीकन अजून लंगडतोय. त्याला वाळूवर चालवायचं तर तो मान वर करून डोळे फिरवतो. मी दोर ओढते, कॅस मागून हळूहळू बोलत राहते. तसा चालतो, रडतखडत.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

कॅस पुन्हा कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आली. हातात एक कागद होता, चौघडी केलेला. "काय गं?" विचारलं, तर म्हणाली, "पावती." खिशात घातला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, मी कणसं सोलत होते तोवर.

"काय बघतेस? मदत कर."

"काही नाही. तू कायम काय म्हणतेस ते आठवत होते."

"मी पुष्कळ काही म्हणते."

"हो," ती म्हणाली, आणि कणसं सोलायला बसली. सगळी सोलली, एक केस शिल्लक ठेवला नाही.

२ मार्च, शनिवार

चमत्कार! पहाटे चारला जाग आली तर गोठ्यात दिवा. कॅस माझ्या आधी उठलेली. न्हाणं झालेलं, खाद्य घातलेलं. मला म्हणते, "तू झोप, आई. आता शो होईपर्यंत डीकनचं सगळं मी करते. तू आत येऊच नको, तुला पाहून तो बिचकतो."

बिचकतो तर बिचको, पण खरं सांगायचं तर डोळे भरून आले. इतकी वर्षं घसा फोडला, तेव्हा कुठे पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला. स्कॉलरशिप गेली तेच बरं झालं असं आता वाटतं. मन दोन ठिकाणी असलं की दोन्हीकडे अर्धवट. डॅरलला तसं म्हटलं तर उठून अंगणात गेला.

४ मार्च, सोमवार

डीकन चालतोय! लंगडणं नाही, आखडणं नाही. वाळूवरून राजासारखा गेला. बर्फाने बरा झाला, मी म्हटलंच होतं. डॉक्टर लोकांना इंजेक्शनशिवाय काही सुचत नाही. चर्चमध्ये रविवारी मेणबत्ती लावली होती, तिचाही हात असेल.

कॅसला म्हटलं, "बघितलंस? आईचं ऐकलं की काय होतं?"

"बघितलं."

ती त्याच्या सांध्यावरून हात फिरवत होती. डीकनने पाय उचलला नाही, उलट तिच्या अंगावर रेलला. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण खाद्य संपवलं म्हणाली.

५ मार्च, मंगळवार

प्रदर्शनाच्या हमीपत्राचा कागद आला. दर वर्षी मीच भरते, कॅस नुसती सही करते. या वर्षी तिनेच भरून आणला, सुंदर अक्षरात. 'जनावराची देखभाल आणि औषधपाणी यांना जबाबदार प्रौढ व्यक्ती' या ओळीवर दर वर्षी डॅरलचं नाव असतं, बाप म्हणून. या वर्षी तिने लिहिलंय: लनेल मारेक.

"बाबा नाही?" मी विचारलं.

"बाबाने काय केलंय? सगळं तूच केलंयस ना, आई."

सही केली. शेवटी कळलं पोरीला, हे सगळं कोणी केलंय ते.

११ मार्च, सोमवार, शहर

आज चाळणी झाली. अडीचशे खोंडांतून निम्मे पहिल्याच नजरेत घरी पाठवले. एक मुलगी आपल्या लालसर खोंडाच्या गळ्यात पडून रडत होती, आणि तिचा बाप तिच्याच अंगावर ओरडत होता की डोकं खाली का धरलं होतंस त्याचं. बरोबर होतं त्याचं. डोकं खालीच होतं.

डीकन पार झाला. शार्लीनच्या मुलाचाही. शार्लीन स्वतःहून बोलायला आली. "लनेल, तुझ्या खोंडाचा पाय लचकला होता म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"असंच कानावर आलं. आता मस्त चालतोय की. काय दिलंस?"

"बर्फ," मी म्हटलं. "आणि तुझा फोटो दाखवला. पळत सुटला."

१२ मार्च, मंगळवार

जिंकलो. जिंकलो. जिंकलो.

सगळ्या प्रदर्शनात पहिला. शेवटी दोघंच उरले, आमचा आणि शार्लीनचा. जज शार्लीनच्या खोंडाजवळून पुढे गेला, आणि परत आला नाही. सरळ डीकनच्या पाठीवर थाप. मी लाकडी बाकावर उभी राहून किंचाळले, मागच्या बाईच्या अंगावर नाचोचं चीज सांडलं, तिला सॉरीही म्हटलं नाही. सत्तावीस वर्षं आणि काही महिने. नाही, अठ्ठावीस. मला हिशेबही सुचत नाहीये.

जांभळा झेंडा! फोटोवाला म्हणाला, मुलीला जरा हसायला सांगा. कॅस हसली नाही. लगेच तिथेच प्रदर्शनाची डॉक्टरीण लघवीचा नमुना घ्यायला आली, पहिल्या दोघांचा घेतातच. डीकन वेळ लावत होता. कॅसने त्याच्या पोटाखाली काठीने हळूहळू खाजवलं, कानात काही सांगितलं, मग त्याने दिली. पेला भरला तो तिने नीट पाहिला, झाकणावरच्या चिठ्ठीवर सही केली. किती जबाबदार झाली आहे.

मी शार्लीनला मिठी मारली. तिच्या हाडांतून रडू जाणवत होतं. मिठी जरा जास्तच वेळ मारली.

१३ मार्च, बुधवार

लिलाव झाला आणि मग कत्तलखान्याचा ट्रक. पहिला आला काय किंवा शेवटचा, सगळे शेवटी ट्रकमध्येच चढतात, हे लहानपणापासून कळायला हवं. पत्रकार बाई कॅमेरा घेऊन उभी होती. मी कॅसला हळूच म्हटलं, "रड थोडं. लोकांना आवडतं."

तिने डीकनच्या तोंडावरची चामडी म्होरकी सोडली, साधा दोर बांधला. त्याच्या कपाळाला कपाळ लावलं. डीकन तिचा खिसा हुंगत होता. या वेळी खिशात खरंच बिस्किटं होती, सगळी दिली. मग ती स्वतः फळीवरून त्याला वर घेऊन गेली. तो न लंगडता चढला.

खाली आल्यावर म्होरकी माझ्या हातात दिली. "घे. तुझी."

येताना गाडीत झेंडा माझ्या मांडीवर होता. तीन तास डॅरलने रस्त्यावरून आणि कॅसने खिडकीवरून नजर काढली नाही. मला वाटलं, भरून आलं असेल सगळ्यांना.

३ एप्रिल, बुधवार

नमुन्यात औषध सापडलं.

पत्र माझ्या नावाने आहे. दुखणं कमी करण्याचं औषध, बार्टोश जे देणार होते तेच. पहिला नंबर रद्द. डीकनचं मांस टाकून दिलं. एवढं जनावर, एक घासही कोणाच्या पोटात गेला नाही. आमच्या घराण्याला त्या प्रदर्शनाची दारं कायमची बंद. जबाबदार व्यक्ती: लनेल मारेक, सही तपासलेली. वर्तमानपत्रात नाव येणार. झेंडा दहा दिवसांत दुसऱ्या क्रमांकाला सुपूर्द करावा. म्हणजे शार्लीनला.

हे शार्लीनचंच काम. 'काय दिलंस' म्हणून विचारत होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं. नाहीतर बार्टोशने बर्फात काही कालवलं असेल. नाहीतर खाद्याच्या पोत्यात असेल, डॅरलच्या गिरणीवाल्यांनी घातलं असेल. कॅसला विचारलं, "तुझ्या देखत कोणी आलं होतं का गोठ्यात?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी एकटीच होते."

६ एप्रिल, शनिवार

बार्टोशना फोन करून शिव्या घातल्या. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. म्हणाले, "माझ्या कपाटातली एक बाटली कमी आहे, लनेल. कोणी नेली ते मला ठाऊक आहे, तिने दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं. मी पोलिसांत गेलो नाही आणि जाणारही नाही. जे काही व्हायचं ते माझ्यावर येऊ दे."

मी कॅसच्या खोलीत गेले. बॅग भरत होती. बार्टोशांच्या दवाखान्यामागच्या खोलीत राहणार, तिथेच काम करणार, आणि गावच्या कॉलेजात केमिस्ट्री पहिल्यापासून.

"का केलंस?" मी विचारलं. "माझ्यावर सूड उगवलास?"

ती मोज्यांच्या घड्या घालत राहिली. "दुखत होतं त्याला, आई."

"माझी अठ्ठावीस वर्षं..."

"पाय टेकवत नव्हता. रात्री कण्हायचा. तू ऐकलं नाहीस, तुझी खोली लांब आहे." मग तिने चौघडी केलेला तो कागद काढून माझ्यासमोर धरला. "आणि तूच लिहिलंयस ना, आधी जनावर."

कॉलेजचा शिक्का. सोळा फेब्रुवारी, पहाटे पाच सत्तेचाळीस. खाली चौकोन, आणि चौकोनात माझे दोन शब्द.

मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी केलं. असंच काहीतरी म्हटलं. ती म्हणाली, "माहीत आहे." एवढं शांतपणे म्हणाली की त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं. बॅग डॅरलने उचलली. तो तिला सोडायला गेला तो उशिरापर्यंत आला नाही.

१३ एप्रिल, शनिवार

शार्लीन झेंडा न्यायला आली. मी कालच भिंतीवरून काढायला गेले होते तर तो तिथे नव्हताच. कॅसने जाण्याआधीच धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवला होता, वर चिठ्ठी: शार्लीन मावशींसाठी.

मी तिच्या हसण्याची वाट पाहत होते. शार्लीन हसली नाही. झेंडा छातीशी धरून म्हणाली, "लनेल, शहाण्णवला माझ्या आईने माझ्या खोंडाला काहीतरी दिलं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मरताना सांगितलं तिने." मग म्हणाली, "कॅसिडी बरी आहे ना?"

मी म्हटलं, बरी आहे. मला ठाऊक नाही ती कशी आहे. माझा फोन उचलत नाही, डॅरलचा उचलते.

ती गेल्यावर डॅरल म्हणाला, गोठ्यातलं गारव्याचं यंत्र काढून घरात बसवू, मे तोंडावर आलाय. मी म्हटलं, बसव. आता कोणाचे केस वाढवायचेत.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की लिहिलेलं वाचलं की राग निवतो. पाच मार्चला आले आणि थांबले. त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: शेवटी कळलं पोरीला, हे सगळं कोणी केलंय ते.

खोडायला पेन उचललं होतं. राहू दिलं.